अर्ध्या हळकुंडाची कसोटी

लखनौला गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा एक राजवाडा आहे. अवधच्या नवाबांनी बांधलेला, घुमटांवर छत्र्या मिरवणारा. 1857च्या धुमश्चक्रीत तो होरपळला, पुढे इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब झाला, आणि 17 फेब्रुवारी 1951 रोजी पंडित नेहरूंनी तिथे केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. नवाबांच्या दालनांत मग परीक्षानळ्या आल्या, प्राण्यांचे पिंजरे आले, देशभरातून गोळा केलेल्या मुळ्या-साली-पाल्यांची पोती आली. स्वतंत्र झालेल्या देशाला एक गोष्ट मनापासून करायची होती. आजीच्या बटव्यातलं काय खरं आहे आणि किती खरं आहे, ते मोजून पाहायचं होतं.

या कामाला पूर्वपीठिका होती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रांनी देशी औषधींच्या रासायनिक आणि औषधशास्त्रीय तपासणीचा पाया घातला होता आणि 1933 साली त्यावरचा जाडजूड ग्रंथ काढला होता. 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांच्या नोंदींनिशी ब्रिटिश नियतकालिकात मांडलं, आणि तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. एका भारतीय मुळीने आधुनिक वैद्यकाला नवं औषध दिलं होतं. तसं आणखी काही हाती लागेल या आशेने लखनौच्या संस्थेने शेकडो वनस्पतींचे अर्क एकामागून एक तपासायला घेतले; त्या चाळणीचा पहिला मोठा अहवाल 1968 साली छापून आला.

हळद तशी या कामात उशिराच आली म्हणायची. तिचा पिवळा रंग युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1815 सालीच वेगळा काढून त्याला कर्क्युमिन नाव दिलं होतं. त्याची रचना 1910 साली पोलिश शास्त्रज्ञांनी उलगडली. म्हणजे रेणू हाताशी होता, पण तो शरीरात करतो काय हे पद्धतशीरपणे कुणी फारसं पाहिलं नव्हतं. 1971 साली आर. बी. अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीचे अर्क उंदरांवर सूज उतरवण्यासाठी तपासले. त्यापाठोपाठ छत्तर मंझिलमध्ये रिखब श्रीमल आणि भोलानाथ धवन यांनी शुद्ध कर्क्युमिनच कसोटीला लावलं.

ही कसोटी जवळून पाहण्यासारखी आहे. समुद्री शेवाळापासून कॅराजिनन नावाचा चिकट पदार्थ मिळतो; आइस्क्रीम दाट करायलाही तो वापरतात. त्याचं एक टक्क्याचं द्रावण करून अवघा दहावा हिस्सा मिलिलिटर उंदराच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचतात. बघता बघता पंजा सुजू लागतो आणि तीन-चार तासांत चांगलाच टम्म फुगतो. तो पंजा पाऱ्याने भरलेल्या नळीत घोट्याच्या खुणेपर्यंत बुडवायचा आणि पारा किती वर चढला ते वाचायचं. टोचण्यापूर्वीचं माप आणि नंतरचं माप, यांतला फरक म्हणजे सूज. काही उंदरांना आधी औषध पाजायचं, काहींना नाही, आणि दोन्हींची मापं शेजारी शेजारी मांडायची. विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली अमेरिकेत ही रीत बसवली. ‘सूज उतरली’ या घरगुती शब्दांना तिने आकडा दिला, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली.

श्रीमल-धवन यांचा निबंध 1973 साली आला. ताज्या सुजेवर कर्क्युमिन फेनिलब्युटाझोन या तेव्हाच्या जालीम सूजनाशकाच्या तोडीचं ठरलं. दीर्घकाळ टिकणाऱ्या सुजेच्या प्रयोगांत मात्र त्याचा प्रभाव निम्माच भरला. जठरात व्रण करण्याची त्याची खोड फेनिलब्युटाझोनपेक्षा बरीच कमी होती. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी कर्क्युमिनला स्टेरॉइड नसलेलं सूजनाशक म्हटलं. ऍस्पिरिनच्या घराण्यात हळदीला अशी जागा मिळाली. काळही अनुकूल होता. ऍस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं, हे जॉन वेन यांनी नुकतंच, 1971 साली दाखवलं होतं आणि सूज हा विषय ऐन भरात होता.

मला या निबंधात सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘निम्माच’ हे मान्य करणं. आपल्या देशातल्या, आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूची पहिली मोठी परीक्षा होती. जिथे ती कमी पडली तिथे ती कमी पडली असं त्यांनी छापलं.

फेनिलब्युटाझोनचा उल्लेख पुढेही येत राहील, म्हणून त्याची ओळख करून द्यायला हवी. 1949 साली गायगी कंपनीने आणलेलं हे संधिवाताचं जालीम औषध. वेदना आणि सूज त्याने हटकून कमी होई. पण क्वचित कुणाच्या अस्थिमज्जेवर ते असा घाला घाली, की रक्तपेशी तयार होणंच थांबे. 1980च्या दशकात अनेक देशांनी माणसांसाठी त्याचा वापर बंद केला किंवा अगदी आवळला. घोड्यांसाठी ते आजही वापरतात. हळदीतून काही निघालं तर त्याचं मोल काय, हे त्या वेळच्या डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं सांधे धरून बसणाऱ्या रुग्णाला रोज देता येईल असं निर्धोक औषध त्यांच्याजवळ नव्हतं.

इथे जरा मागे वळून पाहू, कारण हळदीचं दुखण्याशी असलेलं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. आपल्याकडे मुका मार लागला की लेप ठरलेला: आंबेहळद, तुरटी, कुठे रक्तचंदन, गरम करून सोसवेल तसा. आता आंबेहळद ही कढीत घालायच्या हळदीची बहीण खरी, पण वनस्पती वेगळी. आणि शास्त्रग्रंथांकडे गेलं तर आणखी नवल दिसतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधींचे दहा-दहांचे पन्नास गण आहेत. त्यात हरिद्रा लेखनीय गणात आहे, कुष्ठघ्न गणात आहे, विषघ्न गणात आहे. सूज उतरवणाऱ्या शोथहर गणात ती नाही. तिथे पाडळ, टेंटू, बेल, शिवण, रिंगणी, गोखरू ही दशमुळं आहेत. वेदनास्थापन गणातही ती नाही. तिथे शाल, कायफळ, कदंब, शिरीष, अशोक ही मंडळी आहेत. इतरत्र, इतर योगांत हळद येते, लेपांत येते, हे खरंच. पण ‘आपल्या ऋषिमुनींनी हळद सांधेदुखीसाठी सांगितली होती आणि विज्ञानाने आता ते मान्य केलं’ हे जे उठता बसता ऐकू येतं, त्याला या याद्यांतून दुजोरा मिळत नाही. चरकाने दुखण्यासाठी आणि सुजेसाठी ज्या वनस्पती पुढे केल्या, त्यांतल्या कितींची अशी कसून तपासणी झाली? हळदीइतकं संशोधन त्यांच्या वाट्याला आलेलं नाही. परंपरेचा मान ठेवायचा तर तिचं म्हणणं नीट वाचण्यापासून सुरुवात करायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

उंदराच्या पंजावरून माणसाच्या सांध्यावर यायला सात वर्षं लागली. 1980 साली एस. डी. देवधर, आर. सेठी आणि श्रीमल यांचा एक छोटा निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. देवधर चंडीगडच्या पीजीआयमधले. आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे अठरा रुग्ण त्यांनी निवडले. प्रत्येकाला दोन आठवडे रोज 1200 मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि दोन आठवडे रोज 300 मिलिग्रॅम फेनिलब्युटाझोन. कुणाला आधी हे, कुणाला आधी ते. कोणत्या पंधरवड्यात कोणतं औषध चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि त्याला तपासणाऱ्यालाही नाही. याला डबल ब्लाइंड म्हणतात, आणि अदलाबदल केल्यामुळे प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. आमवात ज्याने जवळून पाहिला आहे त्याला उत्तर माहीत आहे. हे दुखणं आपल्या लहरीने चढतं आणि उतरतं. पावसाळी हवेत सकाळी बोटं मिटत नाहीत, महिन्याभराने तीच बाई धुणं पिळताना दिसते. ज्या आठवड्यात आपोआप उतार पडला त्या आठवड्यात जे काही पोटात गेलं असेल, त्याला श्रेय जातं. शिवाय रुग्ण डॉक्टरकडे येतो तो दुखणं टिपेला पोचलेलं असताना. तिथून ते खालीच यायचं असतं. आपल्या घराघरांतले ‘आमच्या काकूंना गुण आला’ हे सगळे अनुभव मनापासून सांगितलेले असतात, आणि तरीही त्यांवरून औषधाचं काम कळत नाही.

देवधरांनी तीन गोष्टी पाहिल्या: सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो, ठरावीक अंतर चालायला किती वेळ लागतो, सांध्याची सूज किती. तिन्हींत कर्क्युमिनने सुधारणा दिसली. दुष्परिणाम आढळले नाहीत. पण रुग्ण अठराच होते, काळ पंधरवड्याचा होता, आणि नुसती साखरेची गोळी देऊन पाहिलेला तिसरा पंधरवडा नव्हता. निबंधाच्या शीर्षकातच ‘प्राथमिक’ असा शब्द होता. पुढच्या चाळीस वर्षांत जगभर हा निबंध उद्धृत झाला, आणि उद्धृत करणारे तो शब्द हळूहळू गाळत गेले.

ती राहिलेली साखरेची गोळी मुंबईत आली. आर. आर. सातोस्कर, एस. जे. शहा आणि एस. जी. शेणॉय यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हुशारीचा वाटतो. आमवातासारखं लहरी दुखणं घेण्याऐवजी त्यांनी अशी सूज निवडली, जिची सुरुवात कधी झाली ते तासागणिक सांगता येतं: शस्त्रक्रियेनंतरची. हर्निया आणि हायड्रोसीलच्या ऑपरेशननंतर जांघेतल्या शुक्ररज्जूला सूज येते, हात लावला की दुखतं. असे चाळीस-पंचेचाळीस पुरुष रुग्ण तीन गटांत वाटले. दिवसातून तीनदा, पाच दिवस, एका गटाला 400 मिलिग्रॅम कर्क्युमिन, दुसऱ्याला 100 मिलिग्रॅम फेनिलब्युटाझोन, तिसऱ्याला 250 मिलिग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. सूज, दुखरेपणा, जखमेच्या जागेचा ठणका यांना गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची, आणि पहिल्या दिवसाची बेरीज सहाव्या दिवसाशी ताडून पाहायची.

सहाव्या दिवशी फेनिलब्युटाझोनच्या गटात त्रास सुमारे 86 टक्क्यांनी उतरला होता, कर्क्युमिनच्या गटात 84 टक्क्यांनी. आणि साखरेच्या गटात? 62 टक्क्यांनी.

हा शेवटचा आकडा प्रत्येक मराठी घरात लावून ठेवावा असा आहे. काहीही औषध न देता, निव्वळ दिवस गेले म्हणून आणि शरीर आपलं काम करत राहिलं म्हणून, त्रासाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग निघून गेला. तिसरा गट नसता तर हळदीने 84 टक्के गुण दिला, असं आपण छातीठोकपणे सांगितलं असतं. खरं पाहता हळदीच्या पदरात पडतो तो वरचा बावीस टक्क्यांचा फरक. तो फरक क्षुल्लक नव्हे. ऑपरेशन झालेल्या माणसाला पाचव्या दिवशी उठून बसताना तो जाणवतो. पण तो खरा आहे की इतक्या थोड्या रुग्णांत योगायोगाने आलेला आहे, हे सांगायला आणखी मोठा प्रयोग हवा होता.

तो झाला नाही. पुढचा घोळ इथून सुरू होतो, आणि त्याला मी कुणा एकाला जबाबदार धरणार नाही. कर्क्युमिनवर पेटंट मिळण्यासारखं नव्हतं. हजारो रुग्णांच्या चाचणीवर पैसा ओतायला कोणती कंपनी तयार होणार? सरकारी संस्थांच्या हाती तेवढा पैसा नव्हता. आणि एक खरी वैज्ञानिक अडचणही समोर आली होती. 1978 साली स्वीडनमध्ये वालस्ट्रॉम आणि ब्लेनो यांनी उंदरांना तोंडाने कर्क्युमिन देऊन ते जातं कुठे याचा माग काढला. जवळजवळ 75 टक्के विष्ठेतून जसंच्या तसं बाहेर पडलं. रक्तात नाव घेण्यासारखं काही सापडलंच नाही. जे रक्तात पोचत नाही ते गुडघ्यात जाऊन काम कसं करणार?

या प्रश्नाला एक उत्तर 1998 साली बंगळूरहून आलं. सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, रक्तात ते जेमतेमच दिसलं. त्याच्याबरोबर मिऱ्यातलं पिपेरीन 20 मिलिग्रॅम दिलं, तर प्रमाण एकदम 2000 टक्क्यांनी वाढलं. आज हळदीच्या कितीतरी बाटल्यांवर मिरी दिसते ती या एका निबंधापायी. वाढ प्रचंड दिसते, पण ती शून्याच्या आसपासच्या आकड्यावरची वाढ आहे आणि टिकते तीही थोडाच वेळ. शिवाय पिपेरीन हे करतं ते यकृत आणि आतडी यांची परकी रसायनं निकामी करण्याची यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा आपण घेत असलेल्या दुसऱ्या गोळ्यांसाठीही काम करत असते, हे मात्र बाटलीवर कुणी लिहीत नाही.

आणि एक साधा हिशेब. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असतं. तीन टक्के धरलं तर देवधरांच्या रुग्णांनी रोज घेतलेलं 1200 मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळवायला रोज 40 ग्रॅम हळद खावी लागेल. रात्रीच्या कपभर दुधात आपण चमचाभर घालतो ती तीनेक ग्रॅम. घशाला ऊब देणारं ते दूध मलाही प्रिय आहे. पण चंडीगड-मुंबईच्या चाचण्यांचा दाखला त्या कपाला लावता येत नाही. उलट बाजूने वैद्यांचा आक्षेपही तितकाच रास्त आहे: तुम्ही हळद तपासलीच नाही, तिच्यातला एक रंग तपासला. हळदीतली तेलं, इतर घटक, तूप-दुधाचं अनुपान, रुग्णाची प्रकृती हे सगळं बाजूला सारून काढलेला निष्कर्ष हळदीवर कसा लागू करायचा?

त्यातून हळद म्हणजे तरी कोणती? सांगलीच्या बाजारात राजापुरी, सेलम असे भाव वेगळे निघतात. वर्ध्याकडची वायगाव हळद तिच्या जादा कर्क्युमिनसाठी नावाजलेली. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवायची रीत होती. 2005च्या महापुरात त्या पेवांचं फार नुकसान झालं. शेतातून काढलेले जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडं वेगळी करून, शिजवून, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवून, घोळून पॉलिश केल्यावर जो माल तयार होतो, त्याचा गुण जातीनुसार, मातीनुसार, शिजवणाऱ्याच्या हातानुसार बदलतो. औषध म्हणून तिची परीक्षा घ्यायची तर प्रत्येक रुग्णाला प्रत्येक दिवशी तेच आणि तेवढंच मिळायला हवं. ही अडचण सोडवल्याशिवाय झालेल्या कितीतरी चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

दरम्यान, 1990च्या दशकात, हळद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली, आणि ती वेगळ्याच कारणाने. मार्च 1995मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. त्याच वर्षी सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ते आव्हान अंगावर घेतलं. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत हलाखीत शिकलेले माशेलकर. जखमेवर हळद दाबणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण कार्यालयाला ‘आमची आई लावायची’ हे चालत नाही, छापील पुरावा लागतो. सीएसआयआरने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून 32 दाखले काढले. त्यांत 1953 सालचा ‘इंडियन मेडिकल असोसिएशन’च्या नियतकालिकातला निबंधही होता. ऑगस्ट 1997मध्ये कार्यालयाने पेटंटचे दावे फेटाळले. वर्तमानपत्रांनी याला हळदीघाटीची लढाई म्हटलं. पारंपरिक ज्ञानाचं अंकीय भांडार उभारण्याची कल्पना त्यातूनच मूळ धरून 2001पासून प्रत्यक्षात आली. हे मोठं काम झालं, आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

मात्र त्या विजयाचा लोकांनी काढलेला अर्थ चुकला. पेटंट कार्यालयासमोरचा प्रश्न एवढाच होता: हे नवं आहे का? नाही, हे जुनं आहे, असं आपण सिद्ध केलं. हळदीने जखम भरते की नाही, दुखणं थांबतं की नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. तरी त्या दिवसापासून हळदीला ‘अमेरिकेनेही मान्य केलं’ हे बिरूद चिकटलं ते चिकटलंच. सातोस्करांच्या तिसऱ्या गटाची आठवण काढायला त्या जल्लोषात कुणाला फुरसत नव्हती.

अमेरिकेत दुसरीकडे कर्क्युमिनचा भाव चढत होता. 1995 साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात भरत अगरवाल यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की पेशींमध्ये सुजेची कळ दाबणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक कर्क्युमिनने शांत होतो. तिथून निबंधांचा पूर आला. संधिवात, कर्करोग, मधुमेह, विस्मरण, असा एकही रोग उरला नाही ज्यावर काचेच्या बशीत कर्क्युमिन चाललं नाही. पुढे त्या प्रयोगशाळेच्या डझनाहून अधिक निबंधांमधल्या प्रतिमांबद्दल शंका निघाल्या आणि नियतकालिकांनी ते मागे घेतले. 2017 साली मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी सगळा हिशेब मांडला. कर्क्युमिन पाण्यात टिकत नाही, शरीरातल्या किंचित अल्कधर्मी द्रवांत त्याचे तुकडे होतात. ते स्वतः चमकतं, प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कितीतरी चाचण्यांत ते काम न करताही काम करतंय असं भासतं. माणसांवर 120हून अधिक चाचण्या होऊनही साखरेच्या गोळीशी झालेल्या डबल ब्लाइंड तुलनेत निर्विवाद यश एकालाही आलेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ते हेच.

मला दिलासा वाटतो तो याच काळात पुण्यात चाललेल्या कामाचा. डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1990च्या दशकात भिगवण गावात घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. गावातल्या साधारण 18 टक्के लोकांना असा काही ना काही त्रास निघाला. त्यांनी आयुर्वेदाची मिश्रणं जशीच्या तशी कसोटीला लावली. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं एक मिश्रण आमवाताच्या 182 रुग्णांत, सोळा आठवडे, साखरेच्या गोळीसमोर उभं केलं. ठरवलेल्या मापाने सुधारलेले रुग्ण औषधाच्या गटात 39 टक्के, नुसत्या गोळीच्या गटात 30 टक्के. फरक सिद्ध म्हणण्याइतका भरला नाही, आणि 2000 साली त्यांनी ते तसंच छापलं. याच चार वनस्पतींचं औषध त्यांनी मग गुडघ्याच्या झिजेच्या 90 रुग्णांना 32 आठवडे देऊन पाहिलं. तिथे ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे साखरेच्या गोळीपेक्षा, सरस ठरलं. एका दुखण्यात नाही, दुसऱ्यात हो. पुढे सीएसआयआरच्या योजनेतून, डॉ. भूषण पटवर्धन आणि डॉ. अश्विनीकुमार राऊत यांच्यासारख्या वैद्यक-आयुर्वेदाच्या सांध्यावर काम करणाऱ्यांसह, 440 रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि 2013 साली ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’त आली. तिच्यात तपासलेल्या आयुर्वेदीय योगांत गुळवेल, सुंठ, सालई होती. गुडघेदुखीत ते ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिबच्या बरोबरीचे निघाले. काही रुग्णांच्या यकृताची एसजीपीटी वाढली, तेही निबंधात स्पष्ट नोंदवलं आहे.

सुरक्षिततेबद्दल आपण फार बेफिकीर असतो. हजारो वर्षं खाल्लेली वस्तू काय अपाय करणार? कढीतली हळद काही करत नाही. पण अर्काच्या गोळ्या वेगळ्या. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजा नोंदवणाऱ्या अमेरिकेतल्या एका जाळ्याने 2022 साली हळदीच्या गोळ्यांशी निगडित दहा रुग्ण प्रसिद्ध केले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, आणि काहींच्या गोळ्यांत मिरीही होती.

मोठ्या चाचणीची उणीव काही अंशी भरून काढली ती बँकॉकने. सिरिराज रुग्णालयातल्या विलाई कुप्तनिरत्सैकुल यांच्या गटाने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे 367 रुग्ण घेतले. निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क, निम्म्यांना रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, चार आठवडे. दुखणं दोन्ही गटांत सारखंच उतरलं, आणि पोटाच्या तक्रारी हळदीच्या गटात कमी होत्या. लखनौच्या उंदरांत व्रणांबाबत जे दिसलं होतं ते चाळीस वर्षांनी माणसांत दिसलं. फक्त इथेही साखरेच्या गोळीचा गट नव्हता.

आणि 2020 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाहून एक छोटा, नेटका प्रयोग आला. गुडघ्यात झीज आहे आणि आत पाणी साठून सूजही आहे असे 70 रुग्ण. निम्म्यांना बारा आठवडे हळदीचा अर्क, निम्म्यांना प्लासिबो. त्यांनी दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या. दुखणं रुग्णाला विचारून, शंभर मिलिमीटरच्या रेघेवर. सूज एमआरआयमध्ये, किती घनमान पाणी आणि सुजलेलं आवरण आहे ते पाहून. दुखणं हळदीच्या गटात प्लासिबोपेक्षा सुमारे नऊ मिलिमीटरने जास्त उतरलं. एमआरआयमधली सूज मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली.

श्रीमल-धवनांनी हळदीला सूजनाशकांच्या रांगेत बसवलं होतं, आणि माणसाच्या गुडघ्यात दुखणं थोडं उतरलं, सूज हलली नाही. हळद सुजेच्या वाटेने न जाता कुठल्या तरी दुसऱ्या वाटेने वेदना कमी करते का? आतड्यात राहूनच ती काही करते का, जिथे तिचा तीन-चतुर्थांश हिस्सा राहतो? की सत्तर हा आकडाच या प्रश्नाला अपुरा आहे? याचं उत्तर द्यायला हजारएक रुग्ण हवेत, तीन गट हवेत, एकाच जातीची, एकाच शेतातली, तपासून घेतलेली हळद हवी, आणि निदान वर्षभराचा काळ हवा. जगातली सर्वाधिक हळद आपल्याकडे पिकते. सांगली आणि हिंगोलीचे बाजार आहेत, पुण्या-मुंबईत अशा चाचण्या घेतलेले डॉक्टर आहेत, आणि भिगवणसारख्या गावोगावी दुखरे गुडघे आहेत. ही चाचणी दुसऱ्या कुणी घेण्याची वाट आपण का पाहावी?